सात जणींतले बाबूजी

बाबूजींना कॅमेऱ्यासमोर नुसतं दारात उभं केलं तरी लोक हसायचे. उंच, किंचित वाकलेला माणूस, हातात कापडी पिशवी, आणि कायम रडू आवरून धरल्यासारखा चेहरा. खालचा ओठ आत ओढलेला, भुवया मधोमध वर चढलेल्या. सात बायकांच्या घरात अडकलेला एकुलता एक पुरुष असाच दिसणार, असं प्रेक्षकांना वाटायचं. आम्हालाही आधी तो अभिनयच वाटला होता. पण तो चेहरा बाबूजी घरून घेऊन आले होते, आणि शूटिंग संपल्यावर तोच चेहरा घेऊन ते घरी जायचे.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. माझे वडील हवाई दलात, लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या तळावर. मी लखनौच्या कॉलेजात बी. ए. करत होते. घरी आई-बाबा साताऱ्याचं मराठी बोलत आणि मी हिंदीत उत्तरं देत असे. कॉलेजच्या नाटकात मला पाहून आपांनी बोलावून घेतलं. आपा म्हणजे आमच्या दिग्दर्शिका. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, सतत पान खाणाऱ्या, आणि कितीही रागावल्या तरी समोरच्याला ‘आप’ म्हणणाऱ्या. लखनौच्या टीव्ही केंद्रासाठी त्या एक विनोदी मालिका करत होत्या, ‘बाबूजी अंदर आएँ?’ नावाची. एका कारकुनाच्या घरात त्याची आई, बायको, विधवा बहीण, तीन मुली आणि स्वयंपाकाची बाई. दर भागात त्या बिचाऱ्याला काहीतरी साधंसं हवं असतं. गरम चहा, रेडिओवरच्या बातम्या, स्वतःची खुर्ची. आणि भाग संपेपर्यंत ते त्याला मिळत नाही. मी त्यातली धाकटी मुलगी, गुड्डी.

शूटिंगसाठी लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत एक बंगला भाड्यानं घेतला होता. कपूरथला बाजार तिथून पायी जाण्याइतका जवळ. ज्या नटाला बाबूजींसाठी घेतलं होतं, त्यानं ऐनवेळी मुंबई गाठली. आपा व्हरांड्यात कपाळाला हात लावून बसल्या होत्या, तेवढ्यात फाटकातून हे गृहस्थ आत आले. हातात पाकिटात घातलेला एक फोटो. त्यांना विचारायचं होतं की या मुलीला इथं कुणी पाहिलं आहे का. नाटक-टीव्हीचं काम जिथं जिथं चालतं तिथं ते जाऊन विचारत होते. पण त्यांना तोंड उघडायलाच मिळेना. मेकअपच्या बाईनं त्यांना आरसा धरायला लावला, बुआचं, म्हणजे मालिकेतल्या विधवा बहिणीचं, काम करणाऱ्या बाईंनी ‘भैया, ज़रा हटिए’ म्हणून खुर्ची खालून ओढून घेतली, स्वयंपाकाच्या बाईनं हातात किटली दिली. एका हातात किटली, काखेत आरसा, दाताखाली फोटोचं पाकीट, असे ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले. आपांनी वर बघितलं आणि पान थुंकून हसायला लागल्या.

“हुज़ूर, आप काम करेंगे?”

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात पुलांचे नकाशे काढतो, हे माझं काम नाही, म्हणाले. फोटो दाखवला. कुणी त्या मुलीला ओळखलं नाही. ते परत निघाले, फाटकापर्यंत गेले, तिथून वळून विचारलं, “यह कहाँ-कहाँ दिखता है?”

“पूरे सूबे में,” आपा म्हणाल्या.

“कानपुर? इलाहाबाद? गोरखपुर?”

“सब जगह.”

ते तिथंच थोडा वेळ उभे राहिले आणि मग आत आले. सबनीस हे त्यांचं आडनाव त्या दिवसानंतर कुणी फारसं वापरलं नाही. शूटिंगच्या दिवशी ते ऑफिसात रजा टाकायचे.

बाबूजी मूळचे अमरावतीचे. लखनौमध्ये अर्धं आयुष्य काढूनही त्यांची हिंदी अमरावतीहून निघालेलीच नव्हती. लिंगाचा घोळ तर इतका की आपांनी तो मालिकेत जसाच्या तसा ठेवला. “चाय ठंडा हो गया” असं ते म्हणाले की सातही जणी एकदम “हो गई” म्हणायच्या, आणि प्रेक्षकांना ते फार आवडायचं. एकदा ते मला म्हणाले, “हिंदीत बघ, पुस्तकसुद्धा बाई, चहासुद्धा बाई, मेजसुद्धा बाई. मी एकटा कुठं पुरा पडणार?” हे बोलतानाही चेहरा तसाच. बाबूजींना विनोद सुचायचे, हसू मात्र येत नसे.

सेटवर मराठी समजणारी मी एकटीच. म्हणून दुपारच्या जेवणाला ते माझ्या शेजारी बसायचे. डब्यात स्वतः केलेली भाकरी आणि कसलीशी सुकी भाजी. ती सगळ्यांना थोडी थोडी वाढून मगच ते जेवत. ते मराठीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायची. मला त्याचा संकोच वाटायचा, तसं मी एकदा म्हटलंही. ते म्हणाले, “असू दे गं. आमच्याकडेही असंच होतं. मी मराठीत रागवायचो, ती हिंदीत ऐकायची.”

ती म्हणजे शुभा, फोटोतली मुलगी. तिची गोष्ट त्यांनी मला एकदम सांगितली नाही. कुठं दोन शॉटच्या मध्ये, कुठं लाइट जाऊन आम्ही सगळे अंगणात बसलो असताना, तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये त्यांचं घरही एके काळी बायकांनी भरलेलं होतं. आई, पत्नी, लग्न व्हायची राहिलेली बहीण आणि ही मुलगी. “पण तिथला बाबूजी वेगळा होता,” ते म्हणाले. “मी ओरडलो की स्वयंपाकघरात भांडीसुद्धा वाजायची थांबायची. मला त्याचा अभिमान होता.” आई गेली, पत्नी आजारपणात गेली, बहीण लग्न होऊन अकोल्याला गेली. उरले बाप आणि लेक. शुभा कॉलेजात नाटकात काम करायला लागली. घरी न सांगता. त्यांना कळलं तेव्हा ते ऑफिसातून थेट तालमीच्या हॉलवर गेले आणि सगळ्यांसमोर तिला मनगटाला धरून बाहेर आणलं. घरी आल्यावर म्हणाले, या घरात राहायचं तर एकच आवाज राहील. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून आले तेव्हा ती घरात नव्हती.

“मी तिला लगेच शोधलं नाही,” ते म्हणाले. “जाते कुठं, येईल झक मारत, असं म्हणत घरात बसलो. कितीतरी महिने. शोधायला निघालो तोवर माग काढायला काही शिल्लकच नव्हतं.”

एवढं सांगून त्यांनी डबा बंद केला. पलीकडून आपांनी हाक मारली, “बाबूजी, सीन!” आणि ते उठून दारात जाऊन उभे राहिले. त्या सीनमध्ये घरातल्या साती जणी त्यांना एकाच वेळी सात कामं सांगतात. युनिटमधले लाइटवाले पोट धरून हसत होते.

मालिका सुरू झाली आणि बघता बघता लखनौभर गाजली. बाबूजींना कपूरथल्यात भाजी घेणं अवघड झालं. सब्जीवाला विचारायचा, “बाबूजी, घर में पूछ लिया? भिंडी की इजाज़त है?” बाबूजी शांतपणे म्हणायचे, “हाँ, पूछ लिया,” आणि मग पिशवीतून फोटो काढायचे. लोकांना वाटायचं हाही मालिकेतलाच काही प्रकार असेल. फोटोकडे कुणी नीट पाहतच नसे. ते ज्याच्यासमोर फोटो धरत, तो त्यांच्याच तोंडाकडे बघून हसत असे. त्यांचा शोध त्यांच्याच प्रसिद्धीनं अवघड करून ठेवला होता. मी एकदा त्यांच्याबरोबर होते. परतताना ते म्हणाले, “आधी मला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा निदान फोटो तरी बघायचे.”

मग तो सीन आला. गुड्डी उशिरा घरी येते. बाबूजी ठरवतात की आज आपण बाप आहोत हे दाखवायचंच. आवाज चढवून तिला झापायला लागतात, तेवढ्यात बाकीच्या सहा जणी स्वयंपाकघरातून बाहेर येतात आणि त्यांचा आवाज मांजरासारखा होत जातो. कागदावर फार मजेदार होता. मी दारातून आत आले, बाबूजींनी तोंड उघडलं, आवाज आला नाही. आपांनी पुन्हा घेतला. पुन्हा तेच. बाबूजींच्या कपाळावर घाम आला होता. मेकअपवालीनं तो टिपला. आपा म्हणाल्या, “चिल्लाइए, बाबूजी. बस एक दफ़ा. आप तो बाप हैं.”

“नहीं होता,” बाबूजी म्हणाले.

“क्यों नहीं होता?”

आपांनी कॅमेरा चालू ठेवायला सांगितला. मी पुन्हा दारातून आत आले. बाबूजींनी माझ्याकडे बघितलं, मग नजर माझ्यावरून काढून थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, “जेवलीस का? घरी ये गं. मी ओरडणार नाही.”

अर्थ माझ्याशिवाय कुणालाच कळला नाही. सहा जणींपैकी बुआ ठरल्याप्रमाणे कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “यह क्या बक रहे हो?” आणि तिच्यामागे बाकीच्या आल्या. बाबूजी मागं सरकत सरकत दारातून बाहेर गेले. आपांनी कट म्हटलं तेव्हा ते अंगणात पेरूच्या झाडाला धरून उभे होते.

आपांनी मला बाजूला घेऊन अर्थ विचारला. मी सांगितला, आणि शुभाचंही सांगितलं. त्यांना फोटोबद्दल माहीत होतं, पण मुलगी का गेली ते माहीत नव्हतं. त्या बराच वेळ पान न खाता बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “यही रहेगा.”

तो भाग दाखवायच्या दिवशी क्रिकेटचा सामना लांबला आणि मालिका दाखवलीच नाही. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, पुढच्या आठवड्यात दाखवतील. बाबूजींना मात्र कुणीतरी सांगितलं की गेलेला भाग गेला, आता त्याच्या पुढचा दाखवतात. भर दुपारी ते सायकल काढून टीव्ही केंद्राकडे गेले. आपांना कळलं तसं त्यांनी मला रिक्षानं पाठवलं, “जाओ, उन्हें ले आओ.”

मी पोचले तेव्हा फाटकाशी गर्दी जमली होती. उन्हानं बाबूजींचा चेहरा लाल झाला होता, शर्ट अंगाला चिकटला होता. ते पहारेकऱ्याला हात जोडून सांगत होते की मला आत साहेबांना भेटू द्या. पहारेकरी कौतुकानं त्यांच्याकडे बघत होता.

“वाह, बाबूजी, क्या मुँह बनाया है.”

“भैया, मैं सच कह रहा हूँ. वह एपिसोड दिखाना ज़रूरी है. मेरी लड़की के लिए है.”

“अरे, वो रही आपकी लड़की,” कुणीतरी म्हणालं आणि माझ्याकडे बोट केलं. “गुड्डी, ले जाओ बाबूजी को, अम्मा बुला रही होंगी.”

माणसं हसली. बाबूजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते बघून आणखी हसली. एकानं टाळ्या वाजवल्या. मी बाबूजींचा दंड धरला. “चलिए, बाबूजी,” एवढंच म्हणाले. तेही लोकांना मालिकेतलं वाटलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की एखादा माणूस भर रस्त्यात बुडत असावा आणि काठावरच्यांना तो पोहण्याच्या गमती करून दाखवतोय असं वाटावं.

तो भाग पुढच्या आठवड्यात दाखवला. आणि आपांना वाटलं नव्हतं, कुणालाच वाटलं नव्हतं, असं झालं. ‘जेवलीस का’ लोकांच्या तोंडी बसलं. अर्थ कुणाला माहीत नव्हता. आवाज तेवढा मजेदार वाटला असावा. कॉलेजात मला बघून पोरं म्हणायची, “जेवलीस का, गुड्डी?” पानाच्या टपरीवर, बसमध्ये, चौकात, जिथं तिथं. बायको रागावली की नवरे म्हणायचे. मला ते ऐकवेना. मी बाबूजींना म्हटलं, आपको बुरा नहीं लगता?

“ओरडू देत,” ते म्हणाले. “माझा एकट्याचा आवाज कुठवर जाणार होता? हे जेवढे ओरडतील तेवढं लांब जाईल.”

ते खरंच लांब गेलं. मालिकेचे शेवटचे दोन भाग राहिले होते तेव्हा एका सकाळी फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. साधी सुती साडी, खांद्याला शबनम. फोटोपेक्षा खूप वाळलेली, तरी मी लगेच ओळखली. मी तिला अंगणात आणलं. बाबूजी पेरूखाली बसून आपला डायलॉग पाठ करत होते. ती समोर आल्यावर ते उठले, आणि उठल्यावर पुढं काय करायचं ते त्यांना सुचेना. व्हरांड्यातल्या बायका एकेक करून आत गेल्या. मी जायला निघाले तर शुभा म्हणाली, “आप रुकिए.” तिला एकटीनं त्यांच्यासमोर राहायचं नव्हतं.

ती हिंदीतच बोलली. आवाज कापत होता, पण चढला नाही. म्हणाली, “यह बंद करवा दीजिए. मैं जहाँ पढ़ाती हूँ वहाँ सब दिन भर यही बोलते हैं. मुझे देखकर हँसते हैं, क्योंकि मैं मराठी हूँ. उनको मालूम भी नहीं कि किसका बाप है.”

“शुभा,” बाबूजी म्हणाले.

“पहले हॉल में सबके सामने. अब पूरे सूबे के सामने. आपको हमेशा सबके सामने ही क्यों करना होता है?”

बाबूजींचा खालचा ओठ आत ओढलेला होता. मला वाटलं ते आता रडतील, पाया पडतील, काहीतरी करतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. म्हणाले, “तुझं बरोबर आहे. मला हे सुचलं नव्हतं.”

“कहाँ रहती हूँ, यह मत पूछिएगा.”

“नाही विचारत.”

ती गेली. जाताना मागं वळून बघितलं नाही. बाबूजी फाटकापर्यंतही गेले नाहीत. त्यांना भीती वाटली असावी की आपण पाठलाग करतोय असं तिला वाटेल. ते पेरूखालीच उभे राहिले आणि थोड्या वेळानं मला म्हणाले, “बारीक झालीय. पण नीट उभी राहते आता, बघितलंस? पूर्वी माझ्यासमोर मान खाली घालून उभी असायची.”

शेवटचे दोन भाग त्यांनी मुकाट्यानं पूर्ण केले. मग मालिका इतकी गाजली म्हणून केंद्रानं पुढचे भाग मंजूर केले. आपा पेढे घेऊन बाबूजींच्या क्वार्टरवर गेल्या, आम्ही सातही जणी बरोबर. त्यांचं घर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन खोल्या, झाडून पुसून लख्ख, आणि इतक्या रिकाम्या की आम्ही बोललो की आमचाच आवाज परत ऐकू येत होता. बाबूजींनी चहा केला. म्हणाले, मी काम करणार नाही.

अम्मांनी, म्हणजे त्यांच्या बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी, त्यांना खूप समजावलं. “हमारे बिना क्या करेंगे आप? दिन भर इन दीवारों को देखेंगे?”

“हाँ,” बाबूजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “यांना सांग, आयुष्यात मला कुणी इतकं बोललं नव्हतं. तिथं सात जणी माझ्यावर ओरडत होत्या, मला घरी असल्यासारखं वाटायचं. पण तिनं बंद करा म्हटलंय.”

मी ते हिंदीत सांगितलं. अम्मा पदर डोळ्यांना लावून बाहेर गेल्या. दुसऱ्या आठवड्यात आपांनी दुसऱ्या नटाला घेतलं. तो सराईत होता, वेळेवर यायचा, डायलॉग चोख म्हणायचा. ती मालिका कुणी पाहिली नाही.

पण कुणीतरी पाहिली होती. काही महिन्यांनी आपांच्या घरी फोन आला. एका बाईनं विचारलं, बाबूजींनी काम का सोडलं. आपांनी खरं ते सांगितलं. मग ती बाई म्हणाली, “उनसे कहिए, इतवार को आ सकते हैं. एक घंटे के लिए.” आणि गोरखपूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा पत्ता सांगितला. शुभा तिथं शाळेत शिकवायची आणि वसतिगृहही बघायची.

त्या रविवारपासून बाबूजी गोरखपूरला जायला लागले. शनिवारी ऑफिसातून स्टेशनवर, रात्रभर गाडीत, सकाळी वेटिंग रूममध्ये दाढी-अंघोळ, मग तिथल्या भेटीच्या खोलीत एक तास, आणि परत. त्या तासात काय बोलायचं हा त्यांच्यापुढं मोठा प्रश्न होता. आठवड्यात मधूनच ते आमच्या सेटवर यायचे आणि आम्हाला विचारायचे, “तुम्ही बायका एकमेकींशी काय बोलता?” बुआ म्हणाल्या, तब्येतीचं विचारा. अम्मा म्हणाल्या, काही विचारू नका, तुम्ही आठवडाभर काय रांधलं ते सांगा. आपा म्हणाल्या, “सुनिए. बस सुनिए.” बाबूजी हे सगळं मान हलवत ऐकायचे. पहिले कित्येक रविवार तर ती गप्पच बसायची. तास झाला की उठून जायची. परतल्यावर मी विचारलं की ते सांगायचे, “आज नवीन काही नाही. पण तास झाल्याबरोबर उठली नाही, जराशी थांबली.” त्या जराशा थांबण्यावर त्यांचा पुढचा आठवडा जायचा.

मी एकदा त्यांना विचारलं की तुम्ही तिची माफी मागितली का. ते म्हणाले, “माफी मागितली की तिला उत्तर द्यावं लागणार. हो म्हणायचं की नाही म्हणायचं, हे ओझं तिच्या डोक्यावर कशाला? मी जातो, बसतो, येतो.”

माझी बी. ए. झाली, एम. ए. झाली, वडील निवृत्त होऊन साताऱ्याला गेले. मला लखनौमध्येच नोकरी लागली आणि मी महानगरमध्ये खोली घेऊन राहिले. बाबूजींचं गोरखपूर चालूच होतं. थंडीत धुक्यानं गाड्या तासन्‌तास रखडायच्या. एकदा ते संध्याकाळी पोचले, भेटीची वेळ संपून गेलेली. शुभानं फाटकाशी येऊन त्यांना तसंच परत पाठवलं. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाली. बाबूजींनी ते मला अभिमानानं सांगितलं, “कडक आहे. मुली तिला मानतात.” पण त्या दिवशी ती फाटकाशी मफलर घेऊन आली होती, हेही त्यांनी सांगितलं. तो मफलर त्यांनी त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत गळ्यातून काढला नाही.

निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना, एका गुरुवारी ऑफिसात नकाशावर वाकलेले असताना बाबूजी गेले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ते झोपलेत असं वाटलं. आपांनी गोरखपूरला फोन केला. शुभा आली, तिनंच सगळं केलं. सातही जणी घाटावर होतो.

पंधरा-वीस दिवसांनी ती माझ्या खोलीवर आली. क्वार्टर रिकामं करून रेल्वेला किल्ली द्यायला आली होती. संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होती. मी चहा ठेवला. ती पाटावर बसली आणि म्हणाली, “मला तो भाग बघायचा आहे.” मराठीत म्हणाली. मी तिला कधी मराठी बोलताना ऐकलं नव्हतं.

मी सांगितलं की टेप राहिलेली नाही. त्या काळी केंद्रात जुन्या टेपवरच नवीन भरायचे. आमच्या मालिकेवर शेतीचा काहीतरी कार्यक्रम भरला गेला होता.

“मी तो पाहिलाच नाही,” ती म्हणाली. “वसतिगृहात तेव्हा टीव्ही नव्हता, तो नंतर आला. ते बाबूजी म्हणजे हेच, हे मला पेपरातल्या फोटोवरून कळलं. मला ते फक्त लोकांच्या तोंडून माहीत आहे. चिडवताना. त्यांनी कसं म्हटलं होतं?”

मी तिच्यासमोर बसले. दारात मीच उभी होते, त्यामुळे मला सगळं आठवत होतं. मी सांगितलं की आवाज फार हळू होता, घसा साफ न करता आलेला. सांगितलं की आधी त्यांना किती वेळा रागवायला सांगितलं होतं आणि त्यांना ते जमलंच नव्हतं. त्यांनी माझ्यावरून नजर काढून कॅमेऱ्यात बघितलं, ते सांगितलं. फाटकाशी उन्हात जे झालं तेही सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

मग म्हणाली, “मी त्यांना माफ नव्हतं केलं. अजूनही नाही. ते त्यांनाही ठाऊक होतं. ते यायचे, चिवड्याची पुडी टेबलावर ठेवायचे, आणि कुठला पूल कुठल्या नदीवर होतोय ते सांगत बसायचे. मला पुलांमध्ये काय गोडी? मी घड्याळाकडे बघायची.”

चहा गार झाला होता. मी पुन्हा गरम करायला उठले तर ती म्हणाली, राहू दे.

“परवा रविवारी मला पहाटे जाग आली,” ती म्हणाली. “उठले, केस धुतले, बरी साडी नेसले. मुली म्हणाल्या, दीदी, कहीं जाना है? तेव्हा लक्षात आलं की मी कितीतरी दिवस रविवारी लवकर उठतेय. मला माहीतच नव्हतं.”

ती रडली नाही. बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत होता, तिनंच त्याला थांबवून ठेवलं होतं. मी खिडकीतून त्याला जायला सांगितलं. शुभानं मला अडवलं नाही. तिनं शबनम खांद्यावरून काढून खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.